आधी वायर बघा

आफरीन बागवानची परीक्षा चालू असताना मी दही-साखरेची वाटी घेऊन खोलीत शिरलो, आणि तिची परीक्षा रद्द झाली.

हे याहून बऱ्या शब्दांत सांगायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. 'गैरसमज झाला' असं म्हणून पाहिलं. 'तांत्रिक अडचण आली' असंही म्हणून पाहिलं. त्यावर बायको म्हणाली, "अडचण तांत्रिक नव्हती. लेंगा घालून होती." तेव्हा आता सरळच सांगतो.

पण आधी आफरीन. ती आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला आमची इमारत. सकाळी खिडकी उघडली की कांद्याचा वास येतो आणि दुपारी डिझेलचा. तिचे वडील यूसुफभाई यांचा यार्डात फळांचा गाळा आहे. आफरीन बारावीला. उंची बेताची, ओढणी घट्ट, पाठीवर दप्तर, आणि दप्तरात कंपासपेटीच्या शेजारी एक पक्कड. इंटरनेटच्या वायरच्या टोकाला प्लास्टिकची पिन बसवतात, ती पक्कड. इतर मुली दप्तरात काय ठेवतात मला माहीत नाही, पण ही पक्कड घेऊन फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला जाते.

तिला 'कशी आहेस' असं विचारलं तर ती उत्तर देत नाही. तुमच्या मागे काय आहे ते बघते. टीव्हीमागे, फ्रिजमागे, टेबलाखाली. मग म्हणते, "आधी वायर बघा."

मिक्सर फिरेना, आधी वायर बघा. लिफ्ट अडकली, आधी वायर बघा. झेंडावंदनाला माईक बंद पडला आणि आमचे सेक्रेटरी पाटील नुसतेच ओठ हलवत भाषण रेटत राहिले, तेव्हा ही मागून जाऊन एक पिन खोचून आली. दुर्दैवाने भाषण ऐकू यायला लागलं. मध्यंतरी माझी पाठ धरली. जिन्यात कण्हत उभा होतो, तर ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून तेच म्हणाली. मी हसलो, म्हणजे हसता आलं तेवढं. पुढे डॉक्टरांनी मोठ्या यंत्रात घालून निदान केलं की मणक्यात नस दबली आहे. मी मुद्दाम तिला सांगायला गेलो. ती म्हणाली, "तेच म्हटलं होतं."

जिन्यातून जाताना ती पुटपुटत असते. मला वाटायचं केमिस्ट्रीचं पाठांतर. एकदा कान देऊन ऐकलं: "पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा..." केबलच्या पोटातल्या तारांचा क्रम. आमच्या पिढीने पावकी-निमकी अशीच जिन्यावर घोकली. फरक इतकाच की पावकी-निमकीने आमच्याकडचं काहीही कधी चालू झालं नाही.

आमच्या इमारतीची तिने केलेली वर्गवारीही ऐकून घ्या. सेक्रेटरी पाटील म्हणजे हब: एकाने कानात सांगितलेलं सगळ्यांना सांगतात. माझी बायको म्हणजे स्विच: ज्याचा निरोप त्यालाच देते, दुसऱ्याला पत्ता लागू देत नाही. मी मोठ्या आशेने विचारलं, "आणि मी?" तिने थोडा विचार केला. "तुम्ही लूप." लूप म्हणजे एकच गोष्ट फिरून फिरून परत तिथेच येते, आणि शेवटी सगळं नेटवर्क बसतं. बायकोने त्या दिवशी तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

तर ही मुलगी एका परीक्षेच्या मागे लागली होती. बोर्डाची बोर्डाच्या जागी; ही वेगळी. नेटवर्किंगची, जगभर मानतात अशी. ती पास केली की मोठमोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरच्या खोल्यांत काम मिळतं. थंडगार, बंद खोल्या. तिथे धूळ चालत नाही, ऊन चालत नाही, आवाज चालत नाही. आफरीन त्या खोल्यांचं वर्णन करायला लागली की वाटायचं, ही महाबळेश्वरबद्दल बोलते आहे. स्वारगेटजवळच्या एका क्लासमध्ये ती पहिली आली आणि बक्षीस म्हणून क्लासने तिची परीक्षेची फी भरली. एका वेळेची.

हे सगळं विनोदी वाटतं. मलाही वाटायचं. पण 'आधी वायर बघा' हे मूळचं सलीमचं.

सलीम तिचा मोठा भाऊ. केबल टाकायचा. आमच्या भागातल्या बऱ्याच घरांत इंटरनेट त्याने पोहोचवलं. आमच्याकडचं वायफायही त्याचंच, स्वतःच्या फोनवर लावून दाखवलं आणि मला म्हणाला, "सर, बंद पडलं तर मला फोन करायच्या आधी वायर बघा." मी न बघताच फोन करायचो. तो यायचा, माझ्या पायाने सुटलेली पिन खोचायचा, चहा प्यायचा, जायचा. हीच परीक्षा त्यालाही द्यायची होती. गच्चीवरून उतरून खोलीत बसायचं, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. पुस्तक आणलं होतं, निम्मं वाचून झालं होतं.

एका दुपारी पलीकडच्या गल्लीत, एका गच्चीवरून समोरच्या गच्चीवर केबल ओढताना, तो कठड्यावरून खाली गेला. कमरेला दोर नव्हता. त्या कामात कुणाच्याच कमरेला नसतो. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराकडून दुसरा मुलगा आला आणि तीच केबल ओढून काम पूर्ण करून गेला.

यूसुफभाईंनी दफन करून घरी आल्यावर घरातलं इंटरनेट कापलं. अक्षरशः कापलं. फळांच्या खोक्यांच्या पट्ट्या कापायची कात्री घेतली, खिडकीतून आत येणारी वायर कापली आणि टोक बाहेर लोंबकळत सोडून दिलं. ते अजून लोंबकळतं आहे. आफरीन त्याच्याखालून रोज जाते. ती न तपासता सोडते अशी आख्ख्या इमारतीतली ती एकच वायर.

नंतर काही दिवसांनी आमची बेल वाजली. दारात आफरीन, छातीशी सलीमचं पुस्तक.

"सर, तुमची मागची खोली रिकामी असते ना?"

मुलगी लग्न होऊन नाशिकला गेल्यापासून असते, मी म्हटलं.

"नेट चालू आहे?"

चालू होतं.

"मग मी बसते."

विनंती नाही, 'चालेल का' नाही. चपला काढल्या, आत गेली, टेबलाखाली वाकून आधी वायर बघितली आणि बसली. बायकोने टेबल पुसून दिलं. तेव्हापासून कॉलेज सुटलं की ती आमच्याकडे. आम्ही टीव्हीचा आवाज बारीक केला. मी खोकणं गॅलरीत नेलं.

एकदा मी तिच्या पाठीमागे उभा राहून बघत होतो. जुनी सवय. मी भूगोल शिकवून निवृत्त झालो आणि त्या सगळ्या वर्षांत परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून वर्गावर्गांतून फिरलो. मोज्यातल्या, कंपासमधल्या, एकदा तर डोक्याच्या बँडेजमधल्या चिठ्ठ्या पकडल्या. आफरीनच्या पडद्यावर मात्र चिठ्ठी नव्हती. आमच्या वायफायला जोडलेल्या सगळ्या यंत्रांची नावं होती, तिनेच दिलेली. भूगोल सर. काकू. टीव्ही. आणि सगळ्यात खाली, राखाडी अक्षरांत, भाई.

"हे बंद पडलेलं काढून टाक की," मी म्हटलं. नकाशा स्वच्छ असावा, असं माझं मत.

"राहू दे. तो पत्ता राखून ठेवलाय."

"कुणासाठी?"

तिने काहीतरी टाइप केलं आणि मला समजावून सांगितलं की याला पिंग म्हणतात. एक यंत्र दुसऱ्याला विचारतं, आहेस का? दुसरं म्हणतं, आहे. बाकी काही बोलायचं नसतं. पडद्यावर एकाखाली एक ओळी उमटत गेल्या आणि प्रत्येक ओळीचा अर्थ तिने सांगितला तोच होता: वाट बघितली, उत्तर आलं नाही.

"फोन बंद आहे त्याचा," ती म्हणाली. "मला माहितीय." आणि तिने पुस्तक उघडलं.

नंतर लक्ष ठेवलं तेव्हा कळलं, ती रोज बसली की आधी हेच करते. आम्ही पाटीवर आधी श्री काढायचो, तसं.

परीक्षा आमच्या मागच्या खोलीतूनच, लॅपटॉपवर द्यायची होती; पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून बघणार. तारीख ठरली आणि एक नियम आडवा आला. उमेदवार अठराच्या आतला असेल तर परीक्षेआधी पालकाने स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन संमती द्यायची. यूसुफभाई वायरचं नाव निघालं की उठून बाहेर जायचे. खाली घरात काय बोलणं झालं ते माझ्या बायकोला ठाऊक, पण ती स्विच. मला कळलं ते एवढंच की ते म्हणाले, एकदा. एकदाच येईन, एकदाच हो म्हणेन. पास झालीस तर पुढे मी बोलणार नाही. नाही झालीस तर ते पुस्तक बांधून ठेवायचं आणि बारावीनंतर गाळ्यावर बसायचं.

त्या दिवशी ते आले. डोक्यावर पांढरी टोपी, अंगावर यार्डातलाच शर्ट. कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, हो म्हणाले आणि मुलीकडे न बघता जिना उतरून गेले.

आता माझा भाग. बायको बहिणीला गाडीत बसवून द्यायला स्वारगेटला निघाली होती. जाताना मला म्हणाली, "तिने दार लावायच्या आत तिच्या हातावर दही-साखर द्या. आणि नंतर तिकडे फिरकू नका." ह्यातलं पहिलं वाक्य माझ्या लक्षात राहिलं. मी पेपर घेऊन बसलो आणि बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तेव्हा दार बंद होतं आणि वाटी भरलेली होती.

मी विचार केला, आणि विचार केला हेच चुकलं. आमच्या वेळी घंटा झाली तरी पहिली काही मिनिटं पोरं येत राहायची, कुणाची आई खिडकीतून पेन द्यायची, शिपाई पाणी फिरवायचा, पर्यवेक्षकाला चहा यायचा. परीक्षा काय अशी एकदम सुरू होते? आणि दही न खाता पोरगी परीक्षेला बसली, हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगणार? मी दार ढकललं.

आफरीन ताठ बसली होती. तिने वळून बघितलं नाही. नुसते डोळे मिटले.

लॅपटॉपमधून एक आवाज आला. इंग्रजी, अतिशय सभ्य, कुठल्या देशातला ते कळेना. खोलीत आलेली व्यक्ती कोण आहे, असं तो विचारत होता. तेव्हा तरी निघून जावं की नाही? पण समोर पर्यवेक्षक म्हटल्यावर माझ्यातला पर्यवेक्षक जागा झाला. मी माझा परिचय करून दिला. विषय सांगितला, सेवेची वर्षं सांगितली. हातात काय आहे, असं त्याने विचारलं. मी वाटी कॅमेऱ्याजवळ नेली. आत चिठ्ठीबिठ्ठी नाही हे त्याला दिसावं म्हणून चमच्याने तळापर्यंत ढवळून दाखवली. म्हटलं बिचारा कधीपासून बसलाय कुणास ठाऊक, म्हणून मी चमचा किंचित पुढे करून विचारलं, घेता का थोडं?

पडदा पांढरा झाला.

आफरीन उठली. माझ्यापुढे तळहात धरला. मी त्यावर चमचाभर दही ठेवलं. ते तिने तोंडात टाकलं, हात ओढणीला पुसला. "साखर विरघळली नाहीये," ती म्हणाली, आणि लॅपटॉप मिटून खाली गेली.

त्यानंतर ती आली नाही. मागच्या खोलीचं दार उघडंच राहिलं. टीव्हीचा आवाज वाढवायला आता हरकत नव्हती, पण कुणी वाढवला नाही. बायको माझ्याशी बोलत होती, पण फक्त आवश्यक तेवढं, आणि दही हा शब्द टाळून. ती ताकाला 'ते पांढरं' म्हणायला लागली. जिन्यात आफरीन दिसायची. पुटपुटणं बंद झालं होतं. एकदा आमचा राउटर बंद पडला. मी वायर बघितली. पिन सुटली होती, मी ती खोचली, दिवे लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः काहीतरी दुरुस्त केलं होतं आणि ते सांगावं असं इमारतीत कुणी नव्हतं.

क्लासच्या सरांनी मात्र हार मानली नाही. ते परीक्षा घेणाऱ्यांशी भांडत राहिले. शेवटी एका दुपारी बेल वाजली.

"परत घेणार आहेत," आफरीन दारातूनच म्हणाली.

मी विचारलं, कसं काय?

"रेकॉर्डिंग बघितलं त्यांनी. म्हणाले, आत आलेल्या माणसाने उमेदवाराला काही मदत केली असं दिसत नाही."

"एवढ्यावर दिली परवानगी?"

"आणखी पण म्हणाले. म्हणाले, मदत करणं त्याला शक्य असेल असंही दिसत नाही."

आतून बायकोचं हसू ऐकू आलं. आमच्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसत होतं. आफरीन हसली नाही. ती आमच्या शू-रॅकमागच्या भिंतीकडे बघत होती, जिथे कसलीच वायर नव्हती.

"पण उपयोग नाही," ती म्हणाली. "अब्बा परत येणार नाहीत. एकदा म्हणजे एकदा."

मी बायकोला न विचारता मार्केट यार्डात गेलो. विचारलं असतं तर तिने जाऊ दिलं नसतं, आणि तिचं बरोबर असतं.

यूसुफभाई गाळ्यावर मोसंबी निवडत होते. एक एक उचलायची, फिरवायची, बाजूला टाकायची. मी सगळं सांगितलं. दही, चमचा, कॅमेरा, काही लपवलं नाही. चूक सर्वस्वी माझी, मुलीची नाही, तेव्हा ती 'एकदा' मोजू नका, असं म्हटलं. त्यांनी हातातली मोसंबी ठेवली.

"सर, खरं सांगू? रद्द झाली म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं."

त्यांनी पुढची मोसंबी उचलली.

"पोरीने नापास व्हावं असं मला कसं वाटेल? पण तुम्ही आत गेलात, मला बरं वाटलं. तुमच्याकडे डाळिंबाची पेटी पाठवणार होतो. तिची अम्मी म्हणाली, लाज वाटू द्या."

मी म्हटलं, अहो, हे काम गच्चीवरचं नाही. आतलं आहे. खुर्चीत बसून करायचं, थंड खोलीत.

"सलीमपण हेच म्हणायचा."

लूपच मी, माझ्याकडे नवीन कुठून येणार? परत फिरायचं सोडून जे तोंडात आलं ते बोललो. म्हटलं, ती रोज अभ्यासाला बसायच्या आधी सलीमच्या फोनला विचारते. फोन लावत नाही, वेगळंच काहीतरी असतं ते. नुसतं विचारायचं, आहेस का. उत्तर येत नाही. मग ती पुस्तक उघडते.

"रोज?"

"रोज."

त्यांनी हात टॉवेलला पुसले आणि गल्ल्याचा खालचा खण ओढला. आत फोमच्या पांढऱ्या जाळीत, ती परदेशी सफरचंदांना चढवतात ना, तिच्यात एक मोबाईल होता. काचेला एका कोपऱ्यात तडा.

"दफन करून आलो तर हा वाजत होता," ते म्हणाले. "लोकांचे फोन. आमचं नेट बंद आहे, कधी येता? एकाला सांगितलं, तो वारला. तो म्हणाला, अरेरे, मग दुसऱ्या कुणाचा तरी नंबर द्या." त्यांनी जाळी नीट केली. "तेव्हापासून बंद ठेवलाय."

खण लावला. एक गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी दरावरून हुज्जत सुरू झाली. माझ्याकडे त्यांनी परत बघितलं नाही. मी थोडा वेळ डाळिंबांपाशी उभा राहिलो आणि घरी आलो.

परीक्षेच्या दिवशी आमच्या घरात दही नव्हतं. बायकोने आदल्या दिवशी विरजणच लावलं नाही, खबरदारी म्हणून. पण चूक दुरुस्त करायची माझी एकच पद्धत आहे, तीच चूक नीट करायची. मी सकाळी डेअरीतून गुपचूप दही आणलं, साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळलं आणि मागच्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून वाटी घेऊन बसलो. आफरीन बाहेर येईल तेव्हा, वेळेच्या आधी, दाराच्या अलीकडे द्यायचं. आणि मग दार राखायचं. आमचं बाहेरचं दार सताड उघडं होतं, जिना दिसत होता. बायको खाली फाटकाशी उभी होती. वर येणाऱ्या सगळ्यांना ती अडवणार होती, एकाला सोडून.

तो एक येत नव्हता. आफरीन आत नुसती बसली होती. पालक आल्याशिवाय पुढचं काहीच सुरू होत नव्हतं आणि वेळ संपली की परीक्षा आपोआप गेली. ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराकडेही नाही. मग तिने उठून खोलीचं दार लोटलं.

जिन्यात पावलं वाजली. यूसुफभाई. दम लागलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. आत न जाता ते माझ्यासमोर उंबऱ्याशी जिन्याच्या पायरीवर बसले. मला वाटलं, नाही म्हणायला आले आहेत आणि ते शब्द गोळा करताहेत. त्यांनी खिशातून ती पांढरी जाळी काढली. जाळीतून फोन काढला. तो चालू होता. काचेवर उघडायचं कुलूप दिसत होतं. ते उघडायचं कसं, हे सलीमखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

"हा उघडत नाही," ते हळूच म्हणाले. "चालेल?"

मी म्हटलं, मला काय कळतंय. मदत करणं मला शक्य नाही, असं वरून कळवलंय.

ते फोनकडे बघत राहिले. वरच्या कोपऱ्यात वायफायची खूण उमटली. सलीमनेच कधीतरी जोडून ठेवलेलं आमचं वायफाय त्याने ओळखलं होतं. आतून कळांचा आवाज आला, दोन-चार कळा, रोजचंच 'आहेस का'. मग आवाज थांबला.

मी वाटी घट्ट धरून बसलो. माझ्या मनात आलं की हीसुद्धा चूक माझीच ठरणार. परीक्षेच्या तोंडावर पोरीला हे काय दाखवलं आपण.

दार उघडलं. आफरीनने वडिलांकडे बघितलं नाही, माझ्याकडे नाही. ती फोनकडे बघत होती.

"चार्जिंग कित्ता है, अब्बा?"

"पूरा है."

तिने मान हलवली. "बंद नको करो."

"नै करता," यूसुफभाई म्हणाले. ते उठले, तिच्या मागोमाग आत गेले आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहून हो म्हणाले. या वेळी टोपी घरी राहिली होती. कपाळावरचा घाम त्यांनी पुसला नाही. निघताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. ती टेबलाखाली वाकून वायर बघत होती, त्यामुळे हात ओढणीच्या गाठीवर पडला.

ते बाहेर आले आणि त्यांनी दार स्वतः लावून घेतलं. माझ्या हातात वाटी तशीच होती. मग ते माझ्या खुर्चीसमोर उभे राहिले, हलेनात. मी उठलो. ते बसले, फोन मांडीवर ठेवला, काच वरच्या बाजूला करून, आणि पाठ दाराला टेकवली.

"सर," ते म्हणाले, "ते दही तुम्हीच खा. आणि खाली जाऊन खा."